दिल्लीचा खजिना

मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाची कथा सामान्यतः नादिरशहाच्या स्वारीपासून सांगितली जाते. वस्तुतः त्या वेळेपर्यंत साम्राज्याची आर्थिक घडी पुष्कळशी विसकटली होती. 3 मार्च 1707 रोजी अहमदनगर येथे औरंगजेब मरण पावला, तेव्हा त्याच्या ताब्यातील मुलूख पूर्वीच्या कोणत्याही बादशहाच्या मुलखापेक्षा विस्तृत होता. परंतु दख्खनमधील पंचवीस वर्षांच्या युद्धाचा खर्च त्या मुलखाला पेलण्यासारखा राहिला नव्हता.

याचे कारण समजण्यासाठी जहागिरीची पद्धत पाहिली पाहिजे. मनसबदाराला बहुधा रोख वेतन मिळत नसे. एखाद्या प्रदेशाचा महसूल त्याला नेमून दिला जाई आणि त्यातून त्याने ठरावीक स्वार बाळगावयाचे, असा दंडक होता. जहागीर वंशपरंपरागत नसून थोड्या वर्षांनी बदलली जाई. कागदावरील जमा आणि प्रत्यक्ष वसूल यांत फार अंतर नसेल, तोपर्यंतच हा व्यवहार सुरळीत चालणे शक्य होते. दख्खनमधील सरदारांना आपल्या बाजूस वळवण्यासाठी बादशहाने मनसबी वाटल्या. त्यांना पुरतील एवढ्या जहागिरी मात्र नव्हत्या. ज्या होत्या त्यांतही मराठे चौथाई वसूल करीत. उत्पन्न घटले म्हणून मनसबदार स्वार कमी करी आणि स्वार कमी झाले म्हणून वसूल आणखी घटे. उद्या बदली होणार हे ठाऊक असलेला जहागीरदार रयतेला आजच पिळून घेई. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने औरंगजेबाच्या आरंभीच्या काळातच हा दोष हेरला होता.

त्याचे आणखी एक निरीक्षण मार्मिक आहे. दिल्ली शहर दरबार आणि लष्कर यांच्यावर जगते, बादशहा मोहिमेवर निघाला की शहराचा मोठा भाग त्याच्यामागे चालू लागतो, असे त्याने लिहिले. शहाजहानाबादेतील जरीवाले, शिकलगार, अत्तार या सर्वांचे गिऱ्हाईक एकच होते, आणि ते गिऱ्हाईक आता दूरच्या प्रांतांतून येणाऱ्या भरण्यावर अवलंबून होते. अठराव्या शतकात बंगाल, अवध आणि हैदराबाद येथील सुभेदार महसूल आपल्याजवळच ठेवू लागले. 1739 साली नादिरशहाने मयूरसिंहासनासह पिढ्यान्‌पिढ्यांचा संचय नेला. लूट एवढी मोठी होती की त्याने इराणात तीन वर्षांचे कर माफ केले. एखादे सबळ राज्य अशा लुटीतून सावरलेही असते. परंतु येथे खजिना पुन्हा भरणारे झरेच आटले होते.

दिल्लीचा भार पुढे मराठ्यांच्या शिरावर आला. 1752 च्या करारान्वये पन्नास लाख रुपयांच्या मोबदल्यात त्यांनी बादशहाच्या रक्षणाची हमी दिली. ही रक्कम द्यावयाची कोठून, हा प्रश्न उभयपक्षी अनुत्तरितच राहिला. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला देण्यास पैसा नव्हता आणि दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. या कृत्याबद्दल भाऊंना पुष्कळ दोष देण्यात आला आहे. पण उपाशी फौजेच्या सेनापतीपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे दोष देणारे क्वचितच सांगतात. पानिपतची लढाई त्यानंतर काही महिन्यांतच, 14 जानेवारी 1761 रोजी झाली.

महादजी शिंद्यांनाही हीच अडचण भोवली. 1784 साली ते वकील-इ-मुत्लक झाले. म्हणजे साम्राज्याचे अधिकार हाती आले आणि त्याबरोबर थकलेले पगारही. त्यांनी मोगल सरदारांच्या जहागिरी जप्त करण्यास प्रारंभ केला. परिणामी 1787 मध्ये लालसोटच्या रणांगणावर बादशाही पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. त्यानंतर त्यांनी द बॉइन्यच्या कवायती पलटणींसाठी दुआबातील परगणे स्वतंत्रपणे तोडून दिले; तेथे पगार वेळेवर मिळे आणि त्यामुळे शिस्तही टिकली.

दिल्ली ओस पडत होती, म्हणून सारा हिंदुस्थान दरिद्री झाला असे मात्र नव्हे. कारागीर, सराफ आणि शायर जेथे आश्रय मिळेल तेथे गेले. मीर तकी मीर 1782 साली लखनौस गेला. फर्रुखाबाद, लखनौ, हैदराबाद आणि पुणे या शहरांची याच काळात भरभराट झाली. पूर्वी दिल्लीकडे वाहणारा पैसा आता या शहरांच्या पेठांत खेळू लागला होता.

11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि अंध शाहआलम कंपनीचा तनखेदार बनला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. चांदणी चौकातून वाहणारा कालवा अठराव्या शतकात डागडुजीअभावी कोरडा पडला होता; शहराच्या विहिरी बहुतांशी खाऱ्या असल्याने त्याचे हाल सामान्य माणसाला अधिक सोसावे लागले. 1820 च्या सुमारास कंपनीने कालवा दुरुस्त केला आणि दिल्लीत पुन्हा गोडे पाणी आले.