मुलाला ‘लायर’ म्हणण्याआधी

पालकहो,

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून सरता सरता उघडतात. तोवर अकोला असो की अमरावती, उन्हापायी दुपारभर दारं-खिडक्या लावून मुलं घरातच असतात. खेळ होतात, तशी भांडणंही होतात, आणि एक तक्रार हमखास कानावर येते: ‘आई, पाय ना, ताई लबाड बोलून रायली!’ इंग्रजी शाळेतलं पोरगं हीच तक्रार इंग्रजीत करतं: ‘मम्मी, शी इज स्पीकिंग लाय!’

या वाक्यावर आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्यात व्याकरणाची चूक आहे, ती सांगतोच. पण खोटं बोलल्याबद्दल आपण मुलांशी कोणत्या शब्दांत बोलतो, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

आधी चूक पाहू. मराठीत खरंही बोलतात आणि खोटंही बोलतात. इंग्रजीत ‘स्पीक द ट्रुथ’ चालतं, शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेलंही असतं. मग त्याच चालीवर मूल ‘स्पीक अ लाय’ म्हणतं. त्याचा तर्क अगदी सरळ आहे, म्हणून त्याला हसू नका. फक्त सांगा की ‘लाय’ला ‘टेल’ लागतं: ‘शी इज टेलिंग अ लाय’. त्याहून सोपं म्हणजे ‘शी इज लाइंग’. रोजच्या बोलण्यात हेच जास्त येतं.

दुसरी चूक ‘मला’ या शब्दापाशी होते. ‘तो मला खोटं बोलला’ याचं ‘ही लाइड मी’ होतं. तिथे ‘टु’ हवं: ‘ही लाइड टु मी’. ‘टेल’ वापरलं तर मात्र ‘टु’ नको: ‘ही टोल्ड मी अ लाय’. कशाबद्दल खोटं बोलला ते सांगायचं तर ‘अबाउट’ येतं: ‘ही लाइड अबाउट हिज मार्क्स’.

तिसरी चूक प्रश्नपत्रिकेतून येते. ‘ट्रू ऑर फॉल्स’ हा प्रश्न मुलं पहिल्या इयत्तांपासून सोडवतात, म्हणून ‘यू आर टेलिंग फॉल्स’ असं बोलून जातात. ‘फॉल्स’ हे विशेषण आहे, त्याच्यापुढे नाम हवं: ‘फॉल्स न्यूज’, ‘फॉल्स स्टेटमेंट’. नाहीतर ‘दॅट इज फॉल्स’ म्हणावं. घरच्या बोलण्यात तर ‘दॅट्स नॉट ट्रू’ हेच जास्त शोभतं.

लिहिताना आणखी एक अडचण येते. ‘लाय’चं ‘लाइंग’ करताना ‘आय-ई’ जाऊन ‘वाय’ येतो. शिवाय आडवं पडणं यालाही ‘लाय’च म्हणतात, पण त्याचा भूतकाळ ‘ले’ होतो आणि खोटं बोलण्याचा ‘लाइड’. ‘काल मी पलंगावर पडलो होतो’ हे लिहिताना मुलं अडखळतात ती इथेच.

या चुका तुम्ही घरीच सुधारू शकता. 2000 साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत. आपले आजोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी शिकले. तुम्ही मुलांना घोकायला लावायची गरज नाही. भाजी निवडताना, गाडीवरून बडनेऱ्याला जाताना योग्य वाक्य सहज बोला. मूल ऐकून ऐकून उचलतं.

आता ‘लाय’ या शब्दाच्या वजनाकडे येतो. आपल्याकडे मित्रामित्रांत ‘लबाड नको सांगू बे’ हे हसत म्हटलं जातं. समोरचा रागावत नाही, उलट आणखी एक थाप मारतो. इंग्रजीत ‘यू आर लाइंग’ हा सरळ आरोप ठरतो. ब्रिटनच्या संसदेत एका सदस्याने दुसऱ्याला सभागृहात ‘लायर’ म्हटलं तर सभापती तो शब्द मागे घ्यायला लावतात. आपलं मूल उद्या वर्गात शिक्षकांना किंवा पुण्याला नोकरीत साहेबांना भाबडेपणाने ‘सर, यू आर लाइंग’ म्हणून बसेल आणि लोक का दुखावले, हे त्याला कळणारही नाही. म्हणून त्याच्या तोंडी दुसरी वाक्यंही असू द्या. समोरचा चुकला असेल तर ‘आय थिंक दॅट्स नॉट करेक्ट’, शंका असेल तर ‘आर यू शुअर?’, मित्र फेकत असेल तर ‘यू मस्ट बी जोकिंग’. चुकीचं बोलणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. खोटं म्हणजे माहीत असून केलेली फसवणूक. हा भेद मुलाला समजला की ते माणसांवर उगाच आरोप करणार नाही.

हाच भेद आपणही पाळायला हवा. ‘यू लाइड’ हे एका कृतीबद्दल झालं, ‘यू आर अ लायर’ हे अख्ख्या माणसाबद्दल. ‘तू आत्ता खोटं बोललास’ म्हटलं तर मुलाला पुढच्या वेळी खरं बोलायला जागा उरते. ‘तू आहेसच लबाड’ हे वारंवार कानावर पडलं तर ते मूल स्वतःकडे त्याच नजरेने पाहायला लागतं.

मारून खोटं सुटतं, हा समजही सोडून द्यावा. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला पश्चिम आफ्रिकेतला अभ्यास आहे. त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना एकटं ठेवून, मागचं खेळणं चोरून पाहू नका असं बजावलं आणि नंतर ‘पाहिलंस का?’ असं विचारलं. जिथे कडक शारीरिक शिक्षा होती त्या शाळेतली मुलं, तशी शिक्षा नसलेल्या शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त खोटं बोलली, आणि त्यांनी ते खोटं जास्त सफाईने निभावून नेलं. माराच्या भीतीने त्यांना खोटं लपवण्यात तयार केलं होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारत. उत्तर लोकांच्याच तोंडून येई, म्हणून ते मनात बसे. घरातही तसंच करून पाहा. फुटलेली बरणी समोर दिसत असताना ‘कोणं फोडली?’ असं दरडावलं की आपणच मुलाला खोट्याकडे ढकलतो. ‘बरणी फुटली. काय झालं, सांग मले’ असं विचारलं तर खरं बोलायची वाट मोकळी राहते.

आणि मुलाने धीर करून खरं सांगितलं, की फुटलेल्या बरणीचं बोलणं जरा बाजूला ठेवा. काचा त्याच्यासोबत मिळून भरा, पण त्याआधी एक वाक्य बोला. मराठीत बोला किंवा इंग्रजीत, इंग्रजीतही ते फार सोपं आहे: ‘थँक यू फॉर टेलिंग मी द ट्रुथ’. खरं बोलल्यावर आईबाबा आपल्याच बाजूने उभे राहतात, हे ज्या मुलाने अनुभवलं, त्याला खोट्याचा आधार फारसा लागत नाही.