नेमबाजीच्या सरावासाठी घरगुती लक्ष्यपत्रे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी या लहानशा गावचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. नेमबाजी हा केवळ शहरी व धनिकांचा खेळ आहे, ही समजूत त्या दिवशी बरीचशी मागे पडली.

तथापि भंडारा जिल्ह्यात साकोली किंवा पवनीकडील एखाद्या शाळेने हा खेळ सुरू करावयाचे ठरविले, तर पहिला अडसर खर्चाचाच येतो. एअर रायफल एकदा घेतली की पुष्कळ वर्षे चालते; छर्रे आणि लक्ष्यपत्रे मात्र रोज संपतात. मोठ्या स्पर्धांतून आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आली आहेत. जेथे कागदी लक्ष्य आहे तेथे दहा मीटर रायफल स्पर्धेत एका पत्रावर एकच नेम, म्हणजे साठ नेमांना साठ पत्रे लागतात. सरावाची पत्रे शाळेतच तयार केल्यास हा खर्च पुष्कळच आटोक्यात येतो. मात्र काटकसर कागदात करावी, मापात नव्हे.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात सर्वांत बाहेरील, एक गुणाच्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिलिमीटर असतो. प्रत्येक आतील वर्तुळाचा व्यास ५ मिलिमीटरने कमी होत जाऊन दहा गुणांचा पांढरा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा उरतो. एवढे बारीक काम कंपासपेटीतील कर्कटकाने साधत नाही. त्यावर सोपा उपाय असा की मूळ आकृती चौपट मोठी काढावी. त्यामुळे त्रिज्या पूर्ण मिलिमीटरमध्ये येतात : ९१, ८१, ७१, ६१ याप्रमाणे ११ पर्यंत, आणि शेवटची १. त्रिज्या ६१ च्या आतील सर्व भाग काळा करून त्यातील रेषा पांढऱ्या ठेवाव्यात. चकाकणारा काळा रंग टाळावा. त्यानंतर झेरॉक्स यंत्रावर ही आकृती २५ टक्क्यांवर आणावी आणि बाहेरील वर्तुळ पट्टीने मोजून पाहावे. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. पत्र ८० मिलिमीटर चौरस असते, त्यामुळे ए-फोर आकाराच्या एका कागदावर सहा पत्रे बसतात.

वहीच्या पातळ कागदावर छर्रा लागला की भोक फाटते. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची कड वरच्या रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. फाटक्या भोकावरून हा निर्णय करता येत नाही आणि मुलाला आपली चूक कोठे झाली ते कळत नाही. म्हणून छापील कागद जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूस भाताच्या खळीने चिकटवावा व वजनाखाली सुकवावा. धानाच्या या जिल्ह्यात खळीला तोटा नाही. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात; तो विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या पत्रांत नको. पावसाळ्यात पत्रे सादळतात, सबब ती झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

नवशिक्याला आरंभी वर्तुळांचे पत्र देऊच नये. कोऱ्या कागदावर पाच छर्रे मारू द्यावेत आणि ते एकमेकांपासून किती दूर पडले ते मोजावे. काही ठिकाणी जागा अपुरी म्हणून पाच मीटरवर निम्म्या मापाचे लक्ष्य लावतात. त्यावरील गुण खरे मानू नयेत, कारण छर्रा काही निम्मा होत नाही.

लक्ष्य दगडी भिंतीवर लावू नये, छर्रा उलटून डोळ्यास लागतो. लाकडी खोक्यात जुन्या गोधड्या व चिंध्या घट्ट भरून मागे लोखंडी पत्रा द्यावा आणि पत्र त्यापुढे जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लावावे. सर्व रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. रायफल खरेदीपूर्वी शस्त्र नियम, २०१६ मधील तरतुदींची पोलीस ठाण्यात खात्री करून घ्यावी. छर्रे शिशाचे असतात. ते आवारात झाडून न टाकता डब्यात साठवावेत आणि सरावानंतर मुलांचे हात साबणाने धुवून घेतल्याखेरीज त्यांना डबा उघडू देऊ नये.