डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड : पैसा कोणाचा?

बँकेच्या पासबुकात नावे आणि जमा असे दोन रकाने असतात. इंग्रजीत त्यांनाच डेबिट व क्रेडिट म्हणतात. त्यामुळे क्रेडिट म्हणजे जमा, तेव्हा क्रेडिट कार्ड म्हणजे पैसे मिळवून देणारे कार्ड, असा समज काउंटरवर नेहमी आढळतो. तो चुकीचा आहे. कार्डावरील क्रेडिट या शब्दाचा अर्थ पत, म्हणजेच साध्या भाषेत उधारी.

भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे ऊसबिल सभासदाच्या खात्यात जमा झाले, की डेबिट कार्ड ही त्या पैशाची किल्ली होय. शिल्लक असेल तेवढेच निघणार. 2014 साली सुरू झालेल्या जनधन योजनेत मिळालेले रुपे कार्डही डेबिट कार्डच आहे.

क्रेडिट कार्डावर मात्र दुकानदाराला पैसे बँक देते आणि महिन्याने आपल्याला बिल पाठवते. मुदतीत पूर्ण बिल भरले तर खरेदीवर व्याज नाही. खरी गोम 'किमान देय रक्कम' या ओळीत आहे. समजा, 20,000 रुपये बाकी आहे, व्याज दरमहा 3 टक्के आणि किमान रक्कम 5 टक्के. आपण 1,000 रुपये भरून निर्धास्त होतो; पण त्यातले 600 रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते फक्त 400 रुपये, आणि व्याजावरचा कर धरला तर तेवढेही नाही. वर्षाला 36 टक्के! याला सावकारी नाही तर काय म्हणावे? शिवाय या कार्डाने एटीएममधून रोख काढली, तर शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून.

किसान क्रेडिट कार्डाचा प्रकार निराळा. 1998 साली आलेली ही योजना म्हणजे पीककर्ज. त्या खात्यावरही रुपे कार्ड मिळते व ते एटीएममध्ये चालते. पण निघालेली रक्कम कर्जखात्यात नावे पडते, हे घरातल्या मंडळींना ठाऊक असावे.

नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींना कार्ड घेण्यासाठी फोन येतात. न मागता क्रेडिट कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कार्ड बंद करण्याचा अर्ज केल्यास, बाकी नसेल तर, ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे. विलंब झाल्यास बँकेने ग्राहकाला दररोज 500 रुपये द्यावयाचे असतात. अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी.