सुवर्ण गुणोत्तर आणि मोजपट्टी

कागद, कंपास व कात्री घेऊन बसा आणि मग पुढें वाचा. कागदावर १० सेंटिमीटर भुजेचा एक चौरस काढा. त्याच्या खालच्या भुजेचा मध्यबिंदु घ्या. तेथें कंपासचें टोंक रोंवून पेन्सिल उजवीकडील वरच्या कोपऱ्यापर्यंत उघडा, व खालची भुजा उजवीकडे वाढवून तिला छेदणारा कंस काढा. त्या छेदबिंदूपर्यंत आयत पुरा केला म्हणजे त्याची लांबी १६.१८ सेंटिमीटर भरेल. पायथागोरसचा सिद्धांत जे शिकले आहेत त्यांना ह्याचें कारण सांगावयास नको: ५ व १० ह्या भुजांचा कर्ण ११.१८, त्यांत डावीकडील अर्धी भुजा ५.

आतां ह्या आयतांतून मूळचा चौरस कापून काढा. उरलेला तुकडा १० लांब व ६.१८ रुंद आहे. तो पहिल्या आयताचीच लहान प्रतिमा होय. त्यांतून पुन्हां चौरस कापा. पुन्हां तसाच आयत उरेल. कात्री थकेल, पण हा क्रम संपणार नाहीं. सुमारें १.६१८ ला १ ह्या प्रमाणास सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. (नीतिशास्त्रांतील सुवर्णमध्य तो निराळा. उत्तरपत्रिकांत ह्या दोहोंची गल्लत मीं पाहिली आहे.)

प्रमाण फार जुनें, नांव मात्र अलीकडचें. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडनें त्याची व्याख्या दिली: रेषेचे दोन भाग असे करावे कीं, सबंध रेषेचें मोठ्या भागाशीं जें प्रमाण, तेंच मोठ्या भागाचें लहान भागाशीं असावें. लूका पाचोली ह्या इटालियन संन्यासी गणितज्ञानें १५०९ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यास 'दैवी प्रमाण' म्हटलें. ईश्वराचें वर्णन जसें शब्दांत मावत नाहीं, तसें हें प्रमाण दोन पूर्णांकांच्या भागाकारानें तंतोतंत कधींच सांगतां येत नाहीं, असें त्याचें म्हणणें. 'सुवर्ण' हें विशेषण मार्टिन ओम ह्या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकांत १८३५ सालीं आढळतें.

येथपर्यंत सर्व निर्विवाद आहे. पुढील हकीकत सांगतांना मला थोडा संकोच वाटतो.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचा दर्शनी भाग सुवर्ण आयतांत बरोबर बसतो, असें मी कित्येक वर्षें वर्गांत सांगत आलों. एका पुस्तकांत तसें चित्र होतें. तेंच मी फळ्यावर उतरवीत असें. एके वर्षीं नववींतील एका मुलीनें विचारलें, "सर, आयताची खालची रेषा कोणत्या पायरीवर धरायची?" मंदिराला पायऱ्या तीन. मीं पुस्तक उघडून पाहिलें, तों ती रेषा कोणत्याच पायरीवर नव्हती. ती दोन पायऱ्यांच्या मधून गेली होती! इतकीं वर्षें तें चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतें, पण तें पाहिलें मात्र त्या मुलीनें. त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं मापें आणलीं. ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ ह्या काळांत बांधलेलें हें मंदिर वरच्या पायरीवर सुमारें ३०.८८ मीटर रुंद व ६९.५० मीटर लांब आहे. भागाकार त्याच मुलीला फळ्यावर करावयास सांगितला. उत्तर आलें २.२५, म्हणजे ९ ला ४. खांब व त्यांवरील आडवा पट्टा मिळून उंची १३.७२ मीटर; रुंदीला हिनें भागलें, तरी पुन्हां तेंच २.२५! म्हणजे ग्रीक कारागिरांनीं प्रमाण योजिलें होतें, आणि मोठ्या निष्ठेनें पाळलें होतें. पण तें आम्ही त्यांच्या माथीं मारलेलें प्रमाण नव्हतें.

चित्रकलेंतहि असेंच झालें आहे. लिओनार्दो द विंची ह्यानें पाचोलीच्या ग्रंथासाठीं घनाकृतींचीं सुरेख चित्रें काढलीं, हें खरें. तेवढ्यावरून 'मोना लिसा'च्या मुखाभोंवतीं सुवर्ण आयत काढून दाखवितात. परंतु चौकट कपाळापासून धरावयाची कीं केसांपासून, हें जो तो आपल्या सोयीनें ठरवितो. चौकट सरकविण्याची मोकळीक असेल, तर कोणतेंहि प्रमाण कोठेंहि सांपडेल.

मग ह्या आकाराची मोहिनी अगदींच खोटी काय? फेखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांपुढें दहा आयत मांडून सर्वांत सुंदर कोणता तें विचारलें. सुमारें एकतृतीयांश लोकांनीं सुवर्ण आयत निवडला, व बरेचसे उरलेले लोक त्याच्या शेजारच्या आयतांकडे वळले. पुढें इतरांनीं तशाच परीक्षा घेतल्या, त्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहींत. मला वाटतें, फार लांबट नाहीं व फार चौकोनीहि नाहीं असा आकार बहुतेकांना रुचतो. दशांशचिन्हापुढील आंकडे डोळ्यांना दिसत नाहींत.

ज्यानें हें प्रमाण जाणूनबुजून वापरलें असा वास्तुशिल्पकार हवा असेल, तर ल कॉर्बुझिए ह्याचें नांव घ्यावें. त्यानें मनुष्याची उंची १८३ सेंटिमीटर व नाभीची उंची ११३ धरून मापांची एक मालिकाच रचली, आणि चंडीगड येथील आपल्या इमारतींच्या आंखणींत ती योजिली. १८३ ला ११३ नें भागून पाहा.

सुटींत पालकांनीं मुलांच्या हातीं मोजपट्टी द्यावी. बँकेचें कार्ड ८५.६० व ५३.९८ मिलिमीटर, म्हणजे १.५८६, जवळ आहे, पण तें नव्हे. ए-फोर कागद २९७ व २१० मिलिमीटर, म्हणजे १.४१४, त्याचा गुण वेगळाच, अर्धा दुमडला तरी आकार तोच राहतो. दारें, खिडक्या, चित्रांच्या चौकटी घरोघरीं आहेतच. ह्या अंकाचें पानहि मोजावें. मीं मोजलें आहे, पण आंकडा सांगत नाहीं.