मारवा एकटीने ऐकू नये

१. मन खट्टू असताना नाचरं गाणं लावू नये.
वडील गेले त्या महिन्यातली गोष्ट. मला बरं वाटावं म्हणून मामेभावाने गाडीत एकामागून एक उडती गाणी लावली. दादर ते ठाणे मी दातओठ आवळून बसले होते. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. घरी येऊन कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं लावली. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेला, काही वर्षं गाणंच बंद पडलेला हा माणूस. माझी समजूत काढायची त्यांना घाई नव्हती. मनसोक्त रडले. तासाभराने भूक लागली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

२. मारवा तिन्हीसांजेला एकटीने ऐकू नये.
त्याची वेळ तीच, हे कबूल. पण एकदा अमीर खाँसाहेबांचा मारवा लावून खिडकीशी बसले. या रागात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर यायचं गवई इतकं लांबवतात की दार समोर आहे पण किल्ली सापडत नाही, असं होतं. घरात अंधार कधी झाला कळलं नाही. सासूबाई देवळातून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, “अगं, दिवा लाव आधी! काय झालं? कोण गेलं?”
आता मेथी निवडताना लावते. हाताला काम असलं की तो जीव खात नाही, थोडी हुरहूर तेवढी ठेवतो. तेवढी मला हवीच असते.

३. कानात इअरफोनची बोंडं घालून दूध तापवू नये.
दोनदा उतू गेलं.

४. आठवड्याला एक गाणं पुरतं.
आई सांगायची, १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा आठवड्याला एकच नवं गाणं यायचं. गदिमा-बाबूजींची ५६ गाणी वर्षभर पुरली. ऐकलेलं गाणं ती पुढचं येईपर्यंत भाकऱ्या थापताना घोळवत राहायची; शब्द विसरले तिथे नुसता सूर. मी मात्र कोल्हापूरला जाताना फोनवर ती सलग लावली. सातारा आलं तेव्हा कोणतं गाणं चाललंय हेही मला सांगता आलं नसतं. हल्ली सोमवारी एक निवडते आणि रविवारपर्यंत तेच. घरचे कंटाळतात. बुधवारपर्यंत मीही कंटाळते, पण गुरुवारी त्यातली एखादी बासरी नव्याने ऐकू येते.

५. गाणं फार स्वच्छ असून चालत नाही.
माझ्या लग्नाआधीची एक कॅसेट होती. एकदा प्लेअरमध्ये तिची टेप अडकली. पेन्सिल घालून गुंडाळली, पण तेवढी जागा चुरगळली ती चुरगळलीच. दुसऱ्या अंतऱ्याला आवाज क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. आता तेच गाणं फोनवर लख्ख वाजतं. दुसरा अंतरा आला की माझं लाटणं अजूनही थांबतं.