पडद्यावरची पेशी

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी भावी विज्ञानशिक्षकांना जीवशास्त्र शिकवते. चित्रफिती, सिम्युलेशन, ॲप, सगळं हाताशी असतं. या विद्यार्थ्यांसोबत काम करताना माझ्या मनात पक्क्या झालेल्या काही गोष्टी:

१. आधी प्रश्न, मग चित्रफीत. 'माइंड्स ऑफ अवर ओन' (१९९७) या माहितीपटात एमआयटीसारख्या नामांकित संस्थांच्या ताज्या पदवीधरांना बी आणि लाकडाचा ओंडका दाखवून विचारतात, एवढं वजन आलं कुठून? माती, पाणी अशी उत्तरं येतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून, हे सांगूनही पटायला जड जातं. मी फीत प्रश्नापाशीच थांबवते आणि प्रत्येकाकडून उत्तर लिहून घेते. नाहीतर उत्तर ऐकल्यावर सगळ्यांनाच वाटतं, हे आपल्याला ठाऊक होतं.

२. काय गाळलंय ते विचारावं. हार्वर्डसाठी २००६ साली तयार झालेली 'द इनर लाइफ ऑफ द सेल' ही ॲनिमेशन फीत मला फार प्रिय. तिच्यात कायनेसिन हे प्रथिन भलीमोठी पिशवी ओढत सूक्ष्मनलिकेवरून संथपणे चालतं. विद्यार्थी म्हणतात, "त्याला कुठे जायचं ते कळतं!" प्रत्यक्षात पेशीत रेणूंची तुफान गर्दी असते, पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो तेव्हा आठ नॅनोमीटरचं एक पाऊल पडतं. दिशा ठरते नलिकेच्या रचनेमुळे, कायनेसिनच्या मर्जीने नव्हे. गर्दी दाखवली असती तर कायनेसिन दिसलंच नसतं, म्हणून कलाकारांनी ती काढून टाकली. मी गाळलेलं सगळं कागदावर काढायला लावते. एका विद्यार्थिनीने पान ठिपक्यांनी इतकं भरलं, की तिचं कायनेसिन शोधावं लागलं. त्या चित्रावर वर्गात जी चर्चा रंगली, ती फितीवर कधीच रंगली नव्हती.

३. बटणं हव्या त्या क्रमाने दाबू द्यावीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातल्या सशांच्या सिम्युलेशनमध्ये तपकिरी जमिनीवर नुसते लांडगे सोडले तर पांढरे ससे मरतात, पण गरज पडली म्हणून एकही तपकिरी होत नाही. उत्परिवर्तन वेगळं घालावं लागतं, हे बटणं उलटसुलट दाबूनच कळतं.

४. फोन झाडाखाली न्यावा. आयनॅचरलिस्ट हे ॲप पानाच्या फोटोवरून मेपल सुचवतं. मग मी देठ मोडायला सांगते. पांढरा चीक आला तर नॉर्वे मेपल, नितळ रस आला तर शुगर मेपल. फोटोत चीक दिसत नाही.

५. इंटरनेट नसलं तरी तास व्हायला हवा. माझे विद्यार्थी खेड्यापाड्यांतल्या शाळांतही नोकरीला जातात, म्हणून प्रत्येक पाठटाचणात मी बिनपडद्याचा पर्याय मागतेच. सशांच्या सिम्युलेशनऐवजी दोन रंगांचे मणी आणि एक रंगीत कापड पुरतं.