आठ वाजता कोण विचारणार?

मनू, कुठलं अॅप घेऊ म्हणून विचारलंस ना? मेडिसेफ घे किंवा मायथेरपी घे, दोन्ही चालतील. नावावर अडून बसू नकोस. अॅप उतरवायला मिनिट लागतं. त्यात काय भरायचं, खरं किती भरायचं आणि ते कुणाला दिसू द्यायचं, हे ठरवायला जास्त वेळ लागतो. ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत मी इतकी वर्षं काम करतेय. आत डॉक्टरांना जे सांगवत नाही, ते लोक बाहेरच्या बाकावर मला सांगतात. तेच आज तुला सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. आईनं दिलेली किडनी छान चालली आहे, क्रिएटिनिन उतरलंय, तोंडाला चव आलीय. पण तुझ्या शरीरानं ती किडनी परकीच धरलीय आणि पुढंही धरणार. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते हेरिक नावाच्या जुळ्या भावांमध्ये. ते अगदी एकसारखे जुळे होते, म्हणून घेणाऱ्याच्या शरीराला फरकच कळला नाही. तू आणि आई कितीही सारख्या दिसत असलात तरी तुझ्या शरीराला फरक कळतो. तो कळूनही त्यानं गप्प बसावं म्हणून टॅक्रोलिमस. १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत हे औषध सापडलं. ते रक्तात कमी पडलं तर शरीर किडनीवर उठतं. जास्त झालं तर हात थरथरतात आणि त्याच किडनीला इजा होते. मधली जागा फार अरुंद आहे, म्हणून बारा तासांच्या अंतराचा एवढा हट्ट.

आणि शरीर असं उठतं, म्हणजे रिजेक्शन सुरू होतं, तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. ताप नाही, कळ नाही, क्रिएटिनिन तेवढं वर सरकतं. त्यामुळे ‘मला तर बरं वाटतंय’ यावर विसंबायचं नाही.

आता फोन हातात घे. वेळ ठरवताना वॉर्डातली वेळ तशीच उचलू नकोस. तिथं सिस्टर उठवत होत्या, घरी कुणी उठवणार नाही. सकाळची वेळ कुणालाही जमते, घोटाळा संध्याकाळी होतो. पाहुणे येतात, लग्नात पंगत लांबते, एसटी घाटात अडकते. सांगलीतल्या तुझ्या घरात रात्री आठला सगळे स्वयंपाकघराच्या आसपास असतात, मग आठ आणि आठ धर. डॉक्टरांना विचार आणि तीच वेळ वर्षानुवर्षं चालव.

प्रत्येक औषध वेगळं भर आणि मिलिग्रॅमसकट भर. टॅक्रोलिमसच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या आणि एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल तुझ्याकडे दोन्ही आहेत. नुसतं ‘टॅक्रो २’ लिहिलंस तर दोन मिलिग्रॅम की दोन कॅप्सूल, हे घाईत कुणालाच कळणार नाही. मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, बीपीची गोळी, सगळ्यांचं तसंच. सेप्ट्रान आणि व्हॅल्गॅनसायक्लोव्हिर ही जंतुसंसर्ग टाळायला काही महिन्यांपुरती दिलेली असतात. ती कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, तेव्हाच अॅपमधून काढ. आणि रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या लेव्हलचा रिपोर्ट आल्यावर डोस बदलला की त्याच दिवशी, फोन खाली ठेवायच्या आत, अॅपमध्ये बदल. जुना डोस रोज इमानदारीनं आठवण करून देणारं अॅप नसलेलं बरं.

लेव्हलच्या दिवशीची खूणही घाल. त्या सकाळी आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची. मागच्या डोसाला साधारण बारा तास होऊन गेलेले असताना किती औषध उरलंय, ते त्यात बघतात. सवयीनं घरीच गोळी घेऊन निघालेली माणसं मी ओपीडीत बघते. मग आकडा फुगून येतो आणि पुढच्या खेपेचं तिकीट पुन्हा काढावं लागतं. गोळ्या संपत आल्याची आठवणही लावून ठेव, आठवडाभर आधीची. प्रत्येक गावातल्या मेडिकलमध्ये टॅक्रोलिमस मिळेलच असं नाही. दुकानदार म्हणेल, ‘ताई, कंपनी वेगळी, औषध तेच.’ असेलही, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. दिवसातून दोनदा घ्यायची जात आणि एकदाच घ्यायची जात, यांची अदलाबदल तर मुळीच नाही.

आणखी एक, फोनचा बॅटरी सेव्हर. तो अशा अॅपना मागच्या मागे झोपवतो आणि घंटा वाजतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन या अॅपला त्यातून सूट दे. नाही जमलं तर भाचा करून देईल.

एवढं केलंस की विसरभोळेपणानं गोळ्या चुकणं बरंचसं थांबेल. तरी काही चुकतीलच, कारण माणूस फक्त विसरतो म्हणून गोळ्या चुकवत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात किडनी बदललेल्या १२० जणांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. सगळ्यांना उघडली की नोंद करणारी बाटली दिली होती. एका गटाला नुसती बाटली, दुसऱ्याला आठवणीचे निरोप, तिसऱ्याला निरोप आणि शिवाय गोळ्या चुकू लागल्या की दवाखान्याला कळवण्याची सोय. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्या गटानं ५५ टक्के गोळ्या घेतल्या, दुसऱ्यानं ७८, तिसऱ्यानं ८८. पलीकडे कुणीतरी बघतंय हे माहीत असलेला गट सगळ्यांत पुढे राहिला. पण त्याच प्रयोगात तिन्ही गटांच्या टॅक्रोलिमसच्या लेव्हलमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे बाटली उघडली एवढं बाटलीला कळतं, रक्तात काय चाललंय ते रक्त दिल्यावरच कळतं. अॅप आहे म्हणून तपासणी टाळायची नाही.

दक्षिण कोरियात अशाच रुग्णांना अॅप देऊन बघितलं, २०१९ साली निष्कर्ष आले. अॅपवाल्यांत आणि बाकीच्यांत फरक निघाला नाही. हळूहळू लोकांनी अॅप उघडणंच सोडलं होतं. उलट कॅनडा आणि अमेरिकेतल्या किडनी बदललेल्या ११ ते २४ वयाच्या मुलांच्या प्रयोगात आठवणींच्या जोडीला दर तीन महिन्यांनी एक माणूस त्यांच्याजवळ बसायचा. गोळी का चुकली, पुढं काय करता येईल, हे विचारायचा. तिथं मात्र फरक पडला. म्हणून सांगते, घंटेच्या मागे एक माणूस हवा. तो तू निवड.

मेडिसेफ ज्या इस्रायली भावांनी काढलं, त्यांच्या वडिलांनी चुकून इन्सुलिनचा डोस दोनदा घेतला होता. आधी घेतलाय हे त्यांना आठवलं नव्हतं. म्हणून त्या अॅपमध्ये एका जवळच्या माणसाचं नाव घालता येतं. तू गोळीची नोंद केली नाहीस की त्याच्या फोनवर निरोप जातो. एकच नाव घाल. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय नकोच. तिथं आत्या, मावशी, जाऊबाई सगळ्या मिळून दिवसभर ‘गोळी घेतलीस का?’ विचारतील आणि तू सगळ्यांना ‘हो’ म्हणत सुटशील. आईचंही नाव नको. तिनं किडनी दिलीय. प्रत्येक चुकलेल्या गोळीचा हिशेब तिच्या जिवाला लागेल आणि तो लागू नये म्हणून तू तिच्यापासून लपवशील. दाजींना सांग, नाहीतर ऑफिसातल्या त्या मैत्रिणीला. करार साधा ठेव: नोंद नसेल तर अर्ध्या तासानं एक फोन. ओरडायचं नाही. नोंद असेल तर विषयच काढायचा नाही.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. घंटा बंद व्हावी म्हणून गोळी हातात यायच्या आधी ‘घेतली’ वर बोट जातं. कधी न घेताच जातं. डॉक्टर काय म्हणतील, ही लाज असते त्यामागे. पण त्याचं पुढं काय होतं बघ. लेव्हल कमी येते. डॉक्टर विचारतात, गोळ्या चुकल्या का? तू अॅप दाखवतेस, सगळं हिरवंगार. मग ते डोस वाढवतात. चुकीच्या माहितीवर वाढवतात. तू त्या धास्तीनं पुढचे दिवस सगळ्या गोळ्या वेळेवर घेतेस आणि वाढलेला डोस पुरा रक्तात उतरतो. हात थरथरतात, क्रिएटिनिन चढतं आणि कुणालाच कळत नाही हे कशानं झालं. एक खरी लाल खूण हे सगळं थांबवू शकते. गोळी चुकली तर चुकली असं भर. पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढायची नाही. किती उशीर झाला तर घ्यायची, किती झाला तर सोडायची, उलटी झाली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आजच विचारून अॅपच्या टिपणात लिहून ठेव. जुलाब लागले तर लगेच फोन कर, त्यात टॅक्रोलिमसची लेव्हल चढू शकते.

अॅपला विचारता येत नाहीत असे प्रश्नही असतात. स्टेरॉइडनं चेहरा गोल झाला, फोटो नकोसा वाटतो, म्हणून बायका गुपचूप गोळी अर्धी करतात. केस गळतात म्हणून करतात. महिनाअखेरीला पैसे उरत नाहीत म्हणून दोनाची एक करतात. यातली एकही बाई विसरभोळी नसते. तुझ्या मनात असं काही आलं तर थेट बोल. डोस बदलता येतो, स्वस्त पर्याय शोधता येतात, मदत मिळवून देणारी माणसं दवाखान्यातच बसलेली असतात. आणि मूल हवं असं वाटेल तेव्हा गोळी मनानं बंद करू नकोस, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसही राहू देऊ नकोस. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. ते आधी बदलून घ्यावं लागतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

घरातले उपायही अॅपला दिसत नाहीत. सासूबाई मायेनं गुळवेलीचा काढा देतील, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून. तुझी तर आपण मुद्दाम दाबून ठेवलीय. हात जोडून नाही म्हण. पपनस आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही, त्यानं लेव्हल चढते. निर्जळी उपवास बंद, देव समजून घेईल. गावातल्या डॉक्टरांकडे सर्दीखोकल्याला गेलीस तर अॅपमधली औषधांची यादी आधी त्यांच्यापुढे धर. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी लेव्हल वर जाते, रिफॅम्पिसिननं खाली येते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी तर किडनीलाच इजा होते. त्या डॉक्टरांना तुझं ट्रान्सप्लांट झालंय हे कपाळावर लिहिलेलं दिसत नसतं.

अॅप नकोसं झालं तर सोडून दे, त्यात कमीपणा नाही. फोनचा साधा गजर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या दोन खुणा, एवढ्यावर चालवणारी माणसं आमच्याकडे येतात आणि त्यांच्या किडन्या ठीक आहेत. खुणा मात्र खऱ्या हव्यात.

पुढच्या महिन्यात लेव्हलला येशील तेव्हा त्या खुणा डॉक्टरांना तू स्वतःहून दाखव, लालसुद्धा. पहिल्यांदा जड जाईल. मी येते आत तुझ्याबरोबर. सकाळची गोळी पर्समध्ये ठेव, घरून घेऊन निघू नकोस, आणि डबा दोघींचा आण. रांग मोठी असते.